दंगलीच्या हंगामावर खुराक कसा निघतो: खानदेशातल्या फिरत्या पहिलवानासाठी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले की पहिलवानानं आधी पंचांग उघडावं, जोर मारायला नंतर बसावं. खानदेशातल्या कुस्त्यांच्या आम दंगली यात्रांना बांधलेल्या असतात आणि यात्रा तिथीला. इंग्रजी तारखेनं तिथी दरवर्षी साधारण अकरा दिवस मागं सरकते, आणि अधिक महिना मध्ये आला की एकोणीस दिवस पुढं उडी मारते. मागच्या वर्षीची तारीख डोक्यात धरून गावी पोचलेला पहिलवान मोकळं मैदान आणि पाळणे उतरवणारे मजूर बघून परत येतो. दर हंगामात असा एखादा तरी सापडतोच.

हे टिपण मोठ्या नावाच्या मल्लासाठी नाही. ज्याची जोड, म्हणजे कुणाशी कुस्ती ते, पत्रकावर छापलेली नसते, जो पिशवी घेऊन येतो, मैदानात हात वर करून फिरतो, पंच जोड लावतील ती खेळतो आणि दिवेलागणीला पुढच्या गावाची एसटी धरतो, त्याच्यासाठी आहे. कॅनडा-अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत असे खेळाडू असतात. मोठ्या लीगच्या खालच्या पायरीवर दर हंगामाला टीम बदलत दहा-पंधरा वर्षं काढतात. आपल्याकडचा गडी टीम बदलत नाही, आठवड्याला गाव बदलतो. तिथल्या खेळाडूला निदान करार असतो, इथं पंचाचा शब्द असतो. फरक तेवढाच, पण तेवढ्यानं सगळं बदलतं.

हंगाम आखणं

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्याची दत्तयात्रा, माघात महाशिवरात्रीला मुक्ताईनगर, चैत्रात धुळ्याची एकवीरा देवी, वैशाखात अमळनेरला बोरीच्या पात्रातली सखाराम महाराजांची यात्रा. या मोठ्या खुणा वहीत आधी मांडाव्यात. मग त्यांच्या आगेमागे पंधरा-वीस किलोमीटरच्या टापूतल्या लहान गावांच्या यात्रा भराव्यात. फिरत्या पहिलवानाची कमाई बहुतेक या लहान गावांत होते. मोठ्या यात्रेला बाहेरचे तयार मल्ल येतात, इनामं आधीच वाटून गेलेली असतात आणि ऐनवेळच्या जोडीला वेळ उरत नाही.

तापीकाठच्या रेल्वेचा फायदा घ्यावा. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव, भुसावळ ही एकाच मार्गावरची ठाणी आहेत. एका ठिकाणी मुक्काम धरला तर तीन-चार दिवसांत दोन दंगली होतात. चाळीसगावकडून नांदगाव-मनमाडचा पट्टा जोडता येतो, धुळ्याहून मालेगाव, रावेरहून बऱ्हाणपूर. बऱ्हाणपूर आणि मालेगावच्या तालमींतले गडी मातीत मुरलेले असतात. पहिल्याच वर्षी तिकडं जाऊन हात पोळून घेऊ नये, पण तिसऱ्या वर्षापर्यंत जायलाच हवं. नाहीतर तीच ती माणसं, तेच ते डाव.

यात्रा कमिटीत फोन करायचा तो अध्यक्षाला नाही. अध्यक्ष मंडपाच्या आणि तमाशाच्या गडबडीत असतो. गावातला जो जुना पहिलवान जोडी लावतो त्याचा नंबर मिळवावा. फोनवर चारच गोष्टी विचाराव्यात: दंगल यात्रेच्या दिवशी की दुसऱ्या दिवशी, सुरुवात किती वाजता, मोठी कुस्ती केवढ्याची, आणि तुमच्या वजनाच्या गड्याला साधारण किती इनाम लागतं. स्वतःचं वजन खरं सांगावं. पंच्याहत्तर किलोचा माणूस अडुसष्ट सांगून गेला तर पंच एकदाच फसतात.

आधी हिशेब

हे न केल्यामुळं चांगले गडी तिशीच्या आत माती सोडून बसले आहेत. म्हणून नमुन्याचा हिशेब इथं मांडतो. भाव आपापल्या गावचे घालावेत.

ऐंशी किलोच्या पहिलवानाचा रोजचा वरखुराक धरा. दोन लिटर दूध ६० रुपयांनी १२०, सहा अंडी ४२, शंभर ग्रॅम शेंगदाणे १४, चाळीस ग्रॅम बदाम ३६, चाळीस ग्रॅम तूप २६, अर्धा डझन केळी २०. दिवसाला २५८ रुपये, महिन्याला ७,७४० रुपये. भाकरी-वरण घरचं, ते धरलेलंच नाही.

आता हंगाम. समजा वीस दंगली केल्या आणि दर जोडीला तीन हजारांचं इनाम लागलं. अकरा कुस्त्या मारल्या, ३३,००० आले. पाच बरोबरीत सुटल्या, निम्म्यानं ७,५०० आले. चार गेल्या, शून्य. एकूण ४०,५००. एका दंगलीचा दोन माणसांचा प्रवास आणि जेवण ४५० धरलं तर वीस दंगलींचे ९,००० गेले. हातात ३१,५०० राहिले. म्हणजे निम्म्याहून जास्त कुस्त्या मारणाऱ्या गड्याच्या कमाईत खुराक चार महिन्यांचा निघतो आणि उरलेले आठ महिने घरची शेती त्याला पोसते. वस्तादाची दक्षिणा, दवाखाना, नवा लंगोट यात आलेलेच नाहीत.

म्हणून दंगलीकडं पगार म्हणून बघू नये. दंगल खुराकाला हातभार लावते, नाव करते आणि अंगात कस आणते. पोट भरणारी गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडं पुढं येऊ.

तोवर दोन सवयी लावून घ्याव्यात. इनाम हातात आलं की त्याच रात्री वहीत गाव, तिथी, समोरच्याचं नाव, डाव, रक्कम आणि खर्च लिहायचा. आणि इनामाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पत्त्यांचा डाव मांडला की हंगामाची कमाई कशी जाते, हे खानदेशात कुणाला समजावून सांगायला नको.

इनाम नेहमी रोखच असतं असंही नाही. काही गावांत स्टीलची-पितळेची भांडी लावतात. भांडं घ्यावं, तोंड वाकडं करू नये, पण हिशेबात त्याची किंमत बाजारात मोडून येईल तेवढीच धरावी.

जोड लावताना

सगळा धंदा या पाच मिनिटांत ठरतो. मातीच्या दंगलीत काटा नसतो. पंच दोघांना शेजारी उभं करतात, नजरेनं तोलतात आणि हात मिळवून देतात. त्या वेळी तुम्हीही तोलायचं असतं.

पोट आणि दंड बघून उपयोग नाही. मान बघा, मनगट बघा, कान बघा. कान पिळलेले, मान खांद्यात बसलेली आणि पोटऱ्या वाळलेल्या असतील तर गडी रोज माती खातो असं समजावं, वजन पाच किलो कमी असलं तरी. उलट दंड फुगलेले, कान कोवळे आणि चालताना टाचा आपटत असतील तर जिमचा माणूस. पहिली चार मिनिटं सांभाळली की त्याचा दम जातो. कुणाबरोबर आला आहे तेही बघावं. वस्ताद सोबत असलेला पोरगा आणि मित्रांच्या घोळक्यातून ढकललेला पोरगा यांत फार अंतर असतं.

पाच किलोचा फरक अंगावर घ्यावा. दहा किलोचा घेऊ नये, इनाम कितीही मोठं असो. वजनदार गडी खाली दाबून बसला की गुडघा आणि बरगडी जाते. बरगडी गेली की महिना-दीड महिना, म्हणजे पाच-सहा दंगली बुडाल्या. नकार द्यायचा तर हात मिळवण्याआधी आणि वस्तादाच्या तोंडून: "जोड जुळत नाही, दुसरी लावा." यात कमीपणा नाही. हात मिळवल्यावर मागं फिरलात तर मात्र तो गाव संपला. अहिराणी मुलखात "जोड शे का?" म्हणून पहिला हात पुढं करणाऱ्याला गावकरी मान देतात, पण कुणापुढं हात करतो हेही ते बघत असतात.

हात मिळवण्याआधी मोठ्यानं, चारचौघांत विचारून घ्यायचं:

कुस्ती किती मिनिटांची. वेळ संपली तर गुणांवर निकाल की बरोबरी. बरोबरीत इनाम निम्मं की काहीच नाही. लंगोट-जांग्याला हात चालतो की नाही. पाठ नुसती टेकली तर चितपट की दाबून धरावी लागते.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. मातीत बऱ्याच गावांत दोन्ही खांद्यांना क्षणभर माती लागली की शिट्टी वाजते. स्वतःच्या पाठीवरून लोळण घेऊन जे डाव मारले जातात, त्यांत समोरचा नंतर चीत झाला तरी पहिली माती तुमच्या पाठीला दिसते आणि कुस्ती जाते. गावचा पोरगा समोर असेल तर हे हमखास. अशा गावी एकेरी पट काढून, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून, मागं जाणं, मग सवारी भरून किंवा मोळी बांधून सावकाश उलटवणं, हा खात्रीचा रस्ता. कलाजंग आणि ढाक हे फेकीचे डाव गर्दीला आवडतात, लोक वरून नोटाही देतात. पण पंच नवखा असेल तर ते जपून.

बरोबरीचं एक सांगून ठेवतो. दोघेही हरायला भ्याले की कुस्ती पंधरा मिनिटं मानेला हात घालून उभी राहते. कमिटी एकदा ताकीद देते, दुसऱ्यांदा इनाम रद्द करते. लोक पैसे देतात ते निकालासाठी. ज्या गड्याच्या दर तीन कुस्त्यांत दोन बरोबरीत सुटतात, त्याला पुढच्या वर्षी फोन येत नाही, मग तो एकदाही न हरलेला का असेना. आणि हरून, हसून, समोरच्याचा हात वर करणाऱ्या गड्याला येतो.

नुरा कुस्ती करू नये. दोन तालीमबंधूंनी ठरवून खेळायचं आणि इनाम वाटून घ्यायचं, हा मोह प्रत्येकाला एकदा होतो. खानदेशी प्रेक्षकांत निम्मे लोक कधी ना कधी माती खेळलेले असतात. पट निघाल्यावर पाय मागं फेकला नाही की त्यांना कळतं. रात्रीच्या आत चार तालुक्यांतल्या कमिट्यांच्या ग्रुपवर नाव फिरतं.

मैदान आणि पिशवी

दंगल तीन-चारला सुरू होते, पोरांच्या रेवड्यांच्या कुस्त्या आधी. तुम्ही दोन वाजता पोचा आणि अनवाणी मैदानात एक फेरी मारा. खानदेशात दंगलीचं मैदान म्हणजे बहुधा नांगरलेलं शेत, नाहीतर नदीचं पात्र. काळ्या मातीची ढेकळं वाळली की दगडासारखी होतात, गुडघे आणि कोपरं सोलून काढतात. ओली राहिली तर चिखल अंगाला चिकटतो आणि पकड बसत नाही. बोटं खुपसून बघावीत. वीतभर माती मोकळी लागली तर ठीक. चार बोटांवर कडक तळ लागला तर फावडं मागून पुन्हा खणायला लावावं. आयोजक कुरकुरतात, पण माणूस पाठीवर आपटून जायबंदी झाला तर त्यांचीच दंगल बंद पडते. बाभळीचे काटे, काचा आणि पात्रातले गोटे हातानं वेचावेत.

पिशवीत दोन लंगोट (एक ओला होतो), जांग्या, टॉवेल, साबण, नखं कापायचं, चिकटपट्टी आणि क्रेप बँडेज, दोन लिटर पाणी, आठ-दहा केळी, गूळ-शेंगदाणे. आधार कार्डाची प्रत. सोबत एक माणूस हवाच. कपडे-पैसे सांभाळायला, वेळ मोजायला, आणि लागलं तर उचलून न्यायला. परतीची शेवटची एसटी किती वाजता हे त्यानं आधी विचारून ठेवायचं.

हंगामातली मेहनत आणि जेवण

पावसाळ्यातली मेहनत आणि हंगामातली मेहनत यांत फरक हवा. आषाढ-श्रावणात जोर-बैठका वाढवा, दोर चढा, मल्लखांब करा, ताकद जमवा. मार्गशीर्षानंतर ती जमवायची नाही, टिकवायची. आठवड्याला दोन दंगली असतील तर त्यांच्या मधल्या दिवसांत एकदाच पूर्ण जोर लावून लढत, एकदा हलक्या हातानं फक्त डावांची घोटाई, बाकी चालणं आणि मालिश. दंगलीच्या आदल्या दिवशी हजार बैठका मारून पाय भरून आलेला गडी दुसऱ्या दिवशी पटाला उशीर करतो आणि मग दोष नशिबाला देतो.

प्रथिनं वजनाच्या दर किलोला रोज १.६ ते २ ग्रॅम. ऐंशी किलोला १२८ ते १६० ग्रॅम झाली. वरच्या हिशेबातलं दोन लिटर दूध साधारण ६५ ग्रॅम देतं, सहा अंडी ३६, शंभर ग्रॅम शेंगदाणे २५, आणि शंभर ग्रॅम कोरड्या उडदाचं किंवा तुरीचं वरण २२-२४. दीडशेला पोचलो, डब्यातल्या पावडरीशिवाय. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि उडदाची डाळ हे आपल्या आज्यांनी जमवलेलं गणित काही वाईट नाही. तूप आणि बदाम ताकद देतात ही समजूत अर्धीच खरी. त्यांतून मुख्यतः उष्मांक मिळतात, अंग त्या मानानं बांधलं जात नाही. पैसा कमी पडला तर बदाम आधी बंद करावेत, दूध-अंडी शेवटी.

दंगलीच्या दिवशी भरीत-भाकरी आणि वरण-बट्टी कुस्ती झाल्यावर. सकाळी दहाच्या आत पोटभर साधं जेवण, मग कुस्तीच्या दीड तास आधी दोन-तीन केळी. रावेर-यावलच्या केळीच्या मुलखात राहून कुणी तासाभराआधी बदामाची थंडाई पीत असेल तर काय बोलावं. तेल-सुकामेव्यानं जड झालेलं पोट दाबाखाली ओकारी काढतं.

चैत्र-वैशाखात पारा ४४-४५ला टेकतो. तेव्हा पाच वाजण्याआधी जोड घेऊ नये. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे दुपारभर घोटघोट घ्यावं. कातडी तापली, बोलणं बरळल्यासारखं झालं तर तो उष्माघात. सावली, अंगावर गार पाणी, पंखा आणि १०८ ला फोन. तोंडात पाणी ओतू नये.

कान, कातडी, मान

कान सुजून मऊ पडला की त्यात रक्त साठलेलं असतं. पहिल्या दोन-तीन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून काढून घेतलं आणि वर दाब देऊन पट्टी बांधली तर कान वाचतो. आठवडा गेला की गाठ घट्ट होते. तालमीत सिरिंज टोचून काढणारे असतात. त्यातून कूर्चेत पू झाला तर पिळलेल्या कानापेक्षा वाईट परिस्थिती होते. पिळलेला कान मिरवायचा असेल तर खुशाल मिरवा, पण कमी ऐकू येऊ लागलं तर पंचाची शिट्टी चुकते.

गजकर्ण हा तालमीचा खरा शत्रू. कुस्ती झाल्यावर अर्ध्या तासात साबणानं अंघोळ, लंगोट रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात, टॉवेल कुणाला द्यायचा नाही. दुकानातून 'तीन औषधं एकत्र' असलेलं मलम आणून लावू नये. त्यात स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत जाते, चट्टा दोन महिन्यांत दुप्पट होतो. त्वचेच्या डॉक्टरांकडून बुरशीचं औषध घ्या आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. अंगावर उघडा चट्टा किंवा फोड असताना मातीत उतरणं म्हणजे अख्ख्या मैदानाला देणं. हळद घातलेली माती जंतू मारते यावर भिस्त ठेवू नये.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी. मातीनं भरलेली खोल जखम झाली आणि शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांहून जुनं असेल तर त्याच दिवशी.

मानेवर पडल्यावर हातापायांना मुंग्या आल्या किंवा बळ गेलं तर उठवायचं नाही, मालिश नाही, झटका देऊन 'नस बसवणं' तर अजिबात नाही. डोकं आणि मान दोन्ही हातांनी आहे तशी धरून ठेवायची आणि गड्याला फळीवर न्यायचं. डोक्याला मार लागून क्षणभर अंधारी आली असेल तर त्या दिवशी दुसरी जोड नाही.

वर्षाला वीस रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढावा. पण तो मृत्यू आणि अपंगत्वापुरता आहे, हात मोडला तर त्यातून काही मिळत नाही. मोडलेल्या हातासाठी खात्यात एका महिन्याचा खुराक शिल्लक असणं, हाच काय तो विमा.

'ताकदीच्या' इंजेक्शनाचं दोन ओळींत. मेफेंटरमाइन हे रक्तदाब पडल्यावर दवाखान्यात द्यायचं औषध आहे, तालमीतलं नाही. त्यानं दम वाढल्यासारखा वाटतो, हृदयावर ताण येतो आणि सवय लागते. मातीच्या दंगलीत कुणी तपासत नाही, पण गादीच्या (मॅटवरच्या) स्पर्धेत नमुना घेतला गेला तर चार वर्षांपर्यंत बंदी येते. सुट्या डब्यातली बिननावाची पावडरही तिथंच नेऊन सोडते.

गादी आणि कागद

आता पोट भरणाऱ्या गोष्टीकडं. दंगलीत शंभर कुस्त्या मारल्या तरी नोकरीच्या अर्जात त्यांची एक ओळही होत नाही. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि सैन्यदलातही खेळाडू भरती असते. या सगळ्यांना मान्यताप्राप्त स्पर्धेतलं प्रमाणपत्र लागतं. कोणत्या पदाला कोणत्या पातळीचं पदक चालतं ते शासननिर्णयात दिलेलं असतं. स्पर्धेला जाण्याआधी ते वाचावं. प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा व युवक सेवेच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते, आणि ती भरतीची जाहिरात येण्याआधी करून ठेवावी. गेल्या काही वर्षांत संघटनांच्या वादातून एकाच नावाच्या स्पर्धा दोन ठिकाणी झाल्या आहेत. कुणाचा कागद चालेल याची खात्री जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधी करून घ्या, कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली आणि पुढं पोलीस उपअधीक्षक झाले. ते टोक झालं. पण पोलीस शिपाई किंवा रेल्वेतली नोकरी हे फिरत्या गड्याच्या आवाक्यातलं आहे, अट एवढीच की विशी उलटण्याआधी गादीवर पाय ठेवलेला असावा.

मातीचा गडी गादीवर का हरतो हे नीट समजून घ्या. गादीवर तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंद. पाठ टेकायची वाट कुणी बघत नाही, गुण चालू असतात. मागं जाऊन ताबा मिळवला की दोन. समोरच्याची पाठ गादीकडं वळवली की दोन. वर्तुळाबाहेर पाय गेला की समोरच्याला एक. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीत पोटावर पालथं पडून पाच मिनिटं दम घेता येतो, तिथं तेवढ्यात समोरचा उलटवायचा भारंदाज डाव लावून दोन-दोन गुण करत मोकळा होतो. मातीत मागं सरकणं शहाणपण, गादीवर तोच दंड. शिवाय गादीवर पाय मातीसारखा रुतत नाही, पट दुप्पट वेगानं येतो. खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले, चार वर्षांनी हेलसिंकीला कांस्य घेऊन आले. मधल्या काळात गादीची सवय हा मोठा भाग होता.

म्हणून आठवड्यातले किमान दोन दिवस गादी. गावात नसेल तर जळगाव-धुळ्याला जाऊन यावं. दंगलीच्या महिन्यातही हे तोडू नये, कारण स्पर्धांची निवड चाचणी दंगलीचं वेळापत्रक बघून लागत नाही. निवड चाचणी आणि पाच हजारांची दंगल एकाच दिवशी आली तर दंगल सोडायची. इथं पहिलवान हटकून चुकतो, कारण पाच हजार समोर दिसतात.

गादीला वजनाचा काटा असतो: ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७, १२५. नेहमीच्या वजनाहून दोन-तीन टक्क्यांहून जास्त उतरवायचं असेल तर वरचा गट खेळावा. रबरी सूट घालून, पाणी तोडून चार-पाच किलो काढणं धोक्याचं आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत तीन कॉलेज पहिलवान साधारण महिनाभरात असेच गेले. आणि काट्याला दया नाही. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगट शंभर ग्रॅमनं अपात्र ठरली.

तिशी जवळ आली की पटाला पाय मागं जायला उशीर होतो. तेव्हा जोडी कमी करून पंचगिरी शिकावी, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा, आणि गावात आखाडा असेल तर तो हातात घ्यावा. नसेल तर बांधायला फार लागत नाही. पंधरा बाय पंधरा फुटांचा, फूटभर खोल हौदा (कुस्तीच्या मातीचा खड्डा) म्हणजे २२५ घनफूट, सव्वादोन ब्रास. माती दबते, म्हणून तीन ब्रास तांबडी माती मागवावी. शेतातली काळी नको, ती आकसते आणि भेगाळते. दोनदा चाळावी. पाच किलो हळद, दहा-बारा लिटर तेल, दोन घागरी ताक, लिंबं आणि कापूर. तालमी-तालमीचं माप वेगळं, पण तेलाचा हात आवरावा. जास्त झालं की पकड सुटते. रोज पहाटे फावड्यानं खणायची, आदल्या संध्याकाळी पाणी शिंपडायचं. मूठ दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की फुटावा. नागपंचमीच्या आधी पंधरा दिवस हे काम काढलं तर श्रावणात पोरं उतरवता येतात.